टिल्ली तुझ्याशी काय बोलते?

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताईस,

नमस्कार. हा नमस्कार तुझ्या वयाला आहे, तुला नाही, तेव्हा लगेच पाघळू नकोस. तीन वर्षांनी पत्र आलंय म्हणजे भाऊ समेट करायला निघालाय, असाही गैरसमज करून घेऊ नकोस. मला एकाच प्रश्नाचं सरळ उत्तर हवंय. माझी मुलगी तुझ्याशी काय बोलते?

बोलत नाही, असं सांगू नकोस. पुरावे आहेत. इतकी वर्षं मी त्या परदेशी मालिकेतल्या इन्स्पेक्टरला माझा आवाज देतोय. तो गडी नुसते ओठ हलवतो, गुन्हेगाराला दरडावतो मी. एवढे खून उलगडल्यावर स्वतःच्या स्वयंपाकघरात काय शिजतंय ते माणसाला कळणार नाही?

तुझी भावजय हल्ली फोन आला की बाल्कनीत जाते आणि काचेचं दार ओढून घेते. विचारलं तर म्हणते, "कपडे वाळत घालत होते." दोरीवर एक रुमाल असतो. मी खोलीत शिरलो की मायलेकींचं बोलणं थांबतं आणि दोघी माझ्याकडे बघतात, तेही चेहऱ्याकडे नाही, गळ्याकडे. जेवताना तर टिल्ली माझ्या तोंडावरून नजर हलवत नाही. (नावाचीच टिल्ली उरलीय आता. पंधराव्या वर्षी आईच्या डोक्यावरून गेलीय.) मी घास गिळला की तिची नजर घशावरून खाली उतरते. बापाचं नाटक तिकीट न काढता बघतेय.

हे सगळं मी सोडून दिलं असतं. पण परवा दाराआडून ऐकलं, तुझी भावजय म्हणत होती, "ताई, तुमच्याकडच्या शाळेत जागा असेल तर बरं होईल. यांना आत्ता नको सांगायला." माझे कान पोटापाण्याचे कान आहेत, त्यांनी चूक केलेली नाही.

म्हणजे माझी एकुलती एक मुलगी माझ्या घरातून उचलून रात्रभराच्या प्रवासावर नेऊन ठेवायची, आणि हे मला सांगायचंही नाही. का? मी काय केलं? की तुम्हा सगळ्यांचं आधीच ठरलंय, की माझ्यासारख्याच्या घरात मुलगी नको? तुझ्या जनावरांच्या दवाखान्यात कुत्री-मांजरं भरपूर आहेत. तेवढ्यांवर भागव.

आणि हो, त्या जाहीर कार्यक्रमात निवेदन करताना मी अडखळलो तेव्हा तिसऱ्या रांगेत बसून तू हसली होतीस. ते मी विसरलेलो नाही. हे पत्र त्याबद्दल नाही, तरी लिहून ठेवतोय.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू माझे शब्द ऐकणार नाहीस, आवाज कापतोय का ते ऐकशील. कागदावर आवाज कापत नाही.

तुझा, कागदोपत्री का होईना,
भाऊ


१२ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

उत्तर मिळालं. तेही पोस्टकार्डावर! पाकिटांचा तुझ्याकडे तोटा पडला होता का? पोस्टमन कार्ड देताना माझ्याकडे बघून हसला. एरवी त्याच्या कपाळावरची आठी हलत नाही.

तू म्हणतेस, हसल्याचं तुला आठवतच नाही. कार्यक्रम आठवतो, खुर्चीचा खिळा टोचत होता ते आठवतं, पण मी अडखळलो होतो हेसुद्धा आठवत नाही. ताई, खोटं बोलायचं तर जरा मन लावून बोल. तीन वर्षं मी तो क्षण रोज उगाळतोय. कुठला शब्द होता, दिवा कुठून डोळ्यांवर येत होता, तुझी मान कुठल्या बाजूला वळली, सगळं पाठ आहे. आणि त्या क्षणाला माझ्याशिवाय साक्षीदारच नाही, हे मी मान्य करायचं? नाही करणार.

पुढे तू म्हणतेस, "टिल्लीचं टिल्लीलाच विचार." विचारलं. "आत्याशी काय बोलतेस गं?" म्हटलं. तिने मान हलवली आणि खोलीत निघून गेली. मिठाची गुळणी धरल्यासारखी. ही शिकवण कोणाची ते मला कळत नाही असं समजू नकोस.

आणि शेवटी कोपऱ्यात बारीक अक्षरात, "तू झोपतोस ना नीट?" म्हणजे तुला सगळं पोचतंय. ठीक आहे. अर्धं त्यांच्याकडून कळलंच आहे तर उरलेलं माझ्याकडून ऐक, म्हणजे तिखटमीठ लागणार नाही.

गेल्या वर्षी एका अगदी साध्या दिवशी मी रेकॉर्डिंगच्या बूथमध्ये उभा होतो. वाक्य होतं, "दार उघडा. पोलीस." शंभरदा म्हटलेलं. म्हणायच्या आधी मी आवंढा गिळला, आणि तो हेडफोनमध्ये मला ऐकू आला. बस्, एवढंच झालं. पुढच्या वाक्याआधी मी आवंढ्याची वाट बघत होतो, आणि तो आलाच. त्याच्या पुढच्या वाक्याला तोंड कोरडं पडलं. जिना उतरताना मधेच पायांकडे बघितलं की पाय अडकतो ना, तसं माझं सगळं बोलणं होऊन बसलंय. आता मी बोलत नाही, बोलणाऱ्यावर पाळत ठेवतो. इन्स्पेक्टरचे ओठ मिटतात आणि माझं वाक्य अजून चालूच असतं. आमच्या धंद्यात त्याला भर चौकात धोतर सुटणं म्हणतात.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसतो. गोल चष्मा आणि मान न हलवता सगळीकडे बघायची सवय, म्हणून मी त्याला घुबड म्हणतो. त्याने बटण दाबलं तरच त्याचं बोलणं मला ऐकू येतं. माझा टेक चुकला की तो बटण सोडतो आणि दिग्दर्शकबाईंशी बोलतो. दोघांचे ओठ हलताना दिसतात. जन्मभर मी हलणाऱ्या ओठांत शब्द भरत आलोय, त्यांच्या ओठांत काय भरायचं ते मला कोणी शिकवायला नको. शिवाय तो माझे वाईट टेक पुसत नाही. स्क्रीनवर त्याची रांग मी पाहिलीय. कशाला साठवतोय? पार्टीत वाजवायला?

घशाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. नळी घालून बघितलं आणि म्हणाला, "घसा लखलखीत आहे." इतक्या पटकन म्हणाला की काहीतरी लपवतोय हे उघड होतं. मग विचारतो, "दिवसातून किती वेळा घशाकडे लक्ष जातं?"

मी म्हटलं, "जात नाही, डॉक्टर. ते तिथेच असतं."

त्यावर त्याने मला दुसऱ्या डॉक्टरचं नाव दिलं. मनाच्या. चिठ्ठी खिशात आहे. त्या दोघांची भागीदारी असणार.

घरी येतो आणि बुटांसकट पडतो. अन्नाला कागदाची चव आहे. दुपारभर मी एकच गोष्ट उलगडतो आणि पुन्हा घडी घालतो: मी असा का झालो, कधी झालो, लोकांना दिसतंय का. उत्तर सापडलं की सुटेन असं वाटतं, म्हणून आणखी खणतो, आणि खड्डा तेवढा मोठा होतो. तुझी भावजय म्हणते, "अहो, निदान पडदे तरी उघडा." पडदे उघडले की समोरच्या गॅलरीतल्या बाईंना मी दिसतो. त्यांना तेच हवंय.

हे सगळं वाचून तू म्हणशील, बघा, याच्याकडे मुलगी ठेवायची कशी. म्हणूनच सांगत नव्हतो. पण लिहिताना हात थांबला नाही. टिल्ली कुठेही जाणार नाही.

भाऊ


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

काल मी तुझ्या भावजयीचा पाठलाग केला.

हसू नकोस. (हसतेसच.) ती कामावर जाते म्हणून निघाली, पण नेहमीच्या बसला हात केला नाही, उलट्या दिशेने चालू लागली. पाणी कुठेतरी मुरतंय हे मला पर्समधली छत्री बघूनच कळलं होतं, कारण तिच्या ऑफिसात जायला छत्री लागत नाही. इन्स्पेक्टरसारखं अंतर ठेवून मागे गेलो. फरक एवढाच की इन्स्पेक्टरची चप्पल वाटेत तुटत नाही.

ती टिल्लीच्या शाळेत शिरली. मी समोरच्या वह्यापुस्तकांच्या दुकानात उभा राहिलो आणि दुकानदाराला संशय येऊ नये म्हणून दोन कंपास घेतले. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचं बाकडं तिथून दिसतं. ती बसली. मला वाटलं, शाळा सोडल्याचा दाखला काढतेय. छातीत एवढं धडधडलं की दुकानदाराने खुर्ची दिली. मग टिल्ली वर्गातून आली आणि आईशेजारी बसली. आई बोलत होती, टिल्ली ऐकत होती. मी दोघींचे ओठ वाचत होतो, माझं नाव कधी येतंय त्याची वाट बघत होतो.

माझं नाव आलं नाही. आणि ताई, टिल्लीचे ओठ एकदाही हलले नाहीत. आतून बाई आल्या, त्यांनी टिल्लीला काहीतरी विचारलं, तिने मान खाली घातली. पुन्हा विचारलं. तिने आवंढा गिळला. रस्त्यापलीकडून मला तो दिसला. मी जगात दुसरं काही ओळखो न ओळखो, तो आवंढा ओळखतो.

संध्याकाळी तुझ्या भावजयीला गाठलं. "शाळेत कशाला गेली होतीस?"

"तुम्ही मागे होतात ना? शाळेसमोरच्या दुकानातले दोन कंपास दिसले टेबलावर," ती म्हणाली. "बरं झालं. आता तरी बघितलंत."

"काय बघितलं? मला कोणी काही सांगितलं तर ना!"

"दिवाळखोर माणसासारखे हात वर करू नका. दोनदा सांगितलं मी. वर्गात मोठ्याने वाचताना तिचा आवाज फुटला, मुलं हसली, त्या दिवसापासून ती शाळेत तोंड उघडत नाही, असं सांगितलं. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? 'आधी माझ्या घशाचं बघ.'"

"असं मी म्हणणार नाही."

"बरं. मग एवढंच सांगा. टिल्ली तुमच्याशी शेवटचं काय बोलली?"

मी म्हटलं, कालच बोललो आम्ही. खरंच बोललो होतो. मी काय बोललो ते मला शब्दाशब्दाने आठवत होतं, आवाज कुठे कापला तेही आठवत होतं. ती काय बोलली ते आठवेना. परवाचंही आठवेना. मी मागे मागे जात राहिलो, ताई, आणि प्रत्येक ठिकाणी मीच उभा होतो.

तुझी भावजय म्हणाली, "दुकानात जात नाही, फोन घेत नाही. घरात हो, नाही, भूक नाही. ताईंना ती रोज मोबाइलवर लिहिते, एवढाच काय तो आधार. तिकडची शाळा लहान आहे, तिला कोणी ओळखत नाही, म्हणून विचारत होते. तुमच्याबद्दल नव्हतं हो काही. सगळंच तुमच्याबद्दल नसतं."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो घातला मी, तोही तुटक्या चपलेने. बाल्कनी, बंद दार, अर्धवट थांबलेली बोलणी, सगळ्या पुराव्यांवर मी माझं नाव लिहून बसलो होतो, आणि नाव माझ्या मुलीचं होतं.

मला लाज वाटतेय. आणि तरी तुझा रागही येतोय. तू एकदा लिहायला हवं होतंस. मी पत्र फाडलं असतं, पण फाडायच्या आधी वाचलं असतं.

भाऊ


३ मार्च, सोमवार

ताई,

तुझं पाकीट मिळालं. या वेळी पाकीट, म्हणजे तुलाही अक्कल येते. तू लिहितेस, घाई करू नकोस, तिच्या मागे लागू नकोस. उशीर झाला. मी करून बसलोय.

माझं म्हणणं असं होतं की आवाजाची भीती आवाजवाल्यानेच काढायची. घरातच वैद्य असताना मुलगी परगावी कशाला पाठवायची? (आणि ती तुझ्याकडे जायला नको, हाही स्वार्थ होता. लपवत नाही.) आठवड्यापूर्वी, रविवारी, जेवणाच्या टेबलावर मी माइक मांडला, माझा जुना रेकॉर्डर काढला, टिल्लीच्या कानांवर माझे चांगले हेडफोन चढवले आणि तिच्यापुढे वर्तमानपत्र ठेवलं. आमच्याकडे नवा माणूस आला की आम्ही हेच करतो. त्याला त्याचाच आवाज मोठा करून ऐकवतो, म्हणजे त्याला त्याच्या चुका कळतात.

तिने पहिला शब्द म्हटला, आणि तो तिला तिच्याच कानात केवढा तरी मोठा ऐकू आला. मला तिचा चेहरा दिसत होता. तरी मी म्हटलं, "ऐक, ऐक, नीट ऐक स्वतःला." ताई, माझं ज्याने वाटोळं झालं, नेमकं तेच मी चमच्याने मोजून माझ्या मुलीला पाजत होतो. जिला तिचा आवाज खायला उठतो, तिला मी आवाजाच्या तोंडी दिलं.

तिने हेडफोन काढले, नीट गुंडाळून ठेवले (फेकले असते तर बरं वाटलं असतं), बाथरूममध्ये गेली आणि कडी लावली. तुझी भावजय माझ्याकडे बघून एक शब्द बोलली नाही. तिचं न बोलणं मला सगळ्या गल्लीला ऐकू गेल्यासारखं वाटलं.

मी बाथरूमच्या दाराबाहेर फरशीवर बसलो. इन्स्पेक्टरचं वाक्य तोंडात आलं, "दार उघडा," आणि ते गिळलं. बराच वेळ नळ चालू होता. मग बंद झाला. दाराच्या फटीतून आवाज आला, इतका बारीक की मला वाटलं नळच ठिबकतोय.

"बाबा, तुम्हालापण आधी ऐकू येतं का? बोलायच्या आधी? कसं वाटेल ते?"

मी म्हटलं, "हो."

"रोज?"

"रोज. चहा मागतानासुद्धा."

मग म्हणाली, "मला वाटलं, मलाच."

मी विचारलं, "म्हणून जेवताना माझ्या गळ्याकडे बघायचीस?"

"तुम्ही कसं गिळता ते बघायचे. तुम्हाला जमतं ना अजून, म्हणून." थोड्या वेळाने म्हणाली, "मग मीपण तसंच गिळायला लागले."

ताई, मी तिथेच रडलो. गुपचूप, दाराला पाठ लावून. ती मला हसते असं मी समजत होतो, आणि ती माझी नक्कल उतरवून घेत होती, जशी आपण लहानपणी मोठ्या कलाकारांची उतरवायचो. आणि तिच्या वाट्याला काय आलं, तर माझा आवंढा.

कडी लगेच उघडली नाही. पण उघडली.

त्यानंतरच्या बुधवारी मी त्या मनाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. बाई आहेत. मी सांगत होतो तेव्हा त्या काहीतरी लिहीत होत्या. काय लिहिलं ते दाखवलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे, टिल्लीलाही नेणार आहे, आणि तेव्हा कागद बघायला मागणार आहे.

भाऊ


१६ मार्च, रविवार

ताई,

आधी बातमी, म्हणजे तू ती शोधत पानं चाळणार नाहीस. परीक्षा संपली की टिल्ली तुझ्याकडे येतेय. तिकडच्या शाळेचं नक्की कर. आता हे कसं ठरलं ते वाच.

माझ्याकडून इन्स्पेक्टर गेला. दिग्दर्शकबाईंनी बोलावून, चहा देऊन सांगितलं, "सर, थोडे दिवस विश्रांती. तोवर नवीन मुलगा करेल." चहा दिला तेव्हाच मी ओळखलं. बाहेर आलो तर घुबड जिन्यात उभा. म्हणाला, "सर, मी जमेल तितके महिने ओढलं." मला कळेना. तो जे वाईट टेक साठवत होता, त्यांतला एकेक बरा शब्द वेचून तो वाक्यं जोडत होता. पडद्यावर अलीकडे जो इन्स्पेक्टर ऐकू आला तो असा चिंध्या जोडून शिवलेला. एवढं चांगलं कोणी उगाच वागतं का? मी अजून विचार करतोय, त्याला माझ्याकडून काय हवं असेल.

तर आता मला क्राउड मिळतं. क्राउड म्हणजे बाजार, सभा, दंगल, जिथे पडद्यामागे लोकांचा गलका लागतो तो. पाचसहा जणांनी एका माइकभोवती फिरत तोंडाला येईल ते बोलायचं. कोणी हवापाणी बोलतो, कोणी शेजाऱ्याच्या तक्रारी. चूक एकच होऊ शकते: कोणाचाही शब्द वेगळा कळता कामा नये. कळला की टेक गेला. आमच्यात नवख्यांना आणि उतरणीला लागलेल्यांना हे काम देतात. मी कुठल्या खात्यात आहे ते तू ठरव.

काल सुट्टीचा दिवस. माणसं कमी पडली. घुबडाचा फोन आला, "सर, घरातलं कोणी येईल का? नुसती गर्दी हवीय, बंदरावर जहाज सुटतंय." तुझी भावजय एका पायावर तयार. टिल्लीला मी विचारलं नाही. तुझं ऐकलं, मागे लागलो नाही. ती स्वतःच बूट घालून दारात उभी राहिली.

हेडफोन कोणालाच नव्हते. बूथमध्ये दिवा मंद केला, पडद्यावर जहाज, काठावर रुमाल हलवणारी माणसं. आम्ही गोल फिरत बोलायला लागलो. तुझी भावजय नळ दुरुस्त करणाऱ्याच्या नावाने इतक्या मनापासून शिव्याशाप देत होती की घुबडाने तिला माइकपासून दोन पावलं मागे घेतलं. आणि मग बटण दाबून म्हणाला, "सर, तुम्ही कळताय."

मी दबकं बोललो. "सर, अजून कळताय." दिग्दर्शकबाई हसल्या आणि मला ते दिसलं. एवढी वर्षं उठून दिसायची तालीम केलेला गळा, त्याला लपायचं कसं माहीत असणार? मी आवंढा गिळला, आणि मग पडद्यावर बघत राहिलो, कारण दुसरीकडे कुठे बघावं कळेना. काठावर एक बाई होती, तिचा रुमाल वाऱ्याने उडाला आणि ती त्याच्यामागे न धावता नुसता हात हलवत राहिली. तो रुमाल पाण्यात पडतो का, ते मी बघत होतो. बहुधा बोलतही होतो, काय ते मला माहीत नाही.

तेवढ्यात खांद्याशी आवाज आला.

"बाबा, मला आत्याकडे जायचंय."

वळायची सोय नव्हती. टेक चालू होता, सगळे बोलत होते, आणि टिल्ली माझ्या शेजारून चालत, पडद्याकडे बघत, त्या गलक्यात गलक्याच्याच आवाजात बोलत होती. "मला तुमचा राग नाही आलेला. हेडफोनचापण नाही. पण घरी आपण दोघं एकमेकांचे घसे बघत बसतो बाबा. मी बोलले की तुम्ही बघता. तुम्ही बोललात की मी बघते. आत्याकडे मांजरांना औषध पाजायचं असतं. तिथे कोणी माझ्याकडे बघणार नाही, मांजर चावतं ना, त्याच्याकडेच बघावं लागतं."

मला बोलत राहणं भाग होतं, नाहीतर टेक गेला असता. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "परीक्षा झाल्यावर जा."

"खरंच?"

"खरंच. सुट्टीत येशील?"

"येईन. तुम्ही बुधवारी डॉक्टरबाईंकडे जाल?"

"जाईन."

"कागद मागू नका त्यांच्याकडे."

"बघू."

टेक संपला. घुबड म्हणाला, "मस्त! कोणीच कळलं नाही. सर, तुम्हीपण नाही." तेवढंच बोलला, पण चष्म्याआडून टिल्लीकडे बघत बोलला. गोल फिरताना आम्हा दोघांना शेजारी उभं त्यानेच केलं होतं. मुद्दाम केलं असावं, असा मला दाट संशय आहे. पुरावा नाही.

मग म्हणाला, "खबरदारी म्हणून अजून एक घेऊ. तेच करा."

पुन्हा जहाज, पुन्हा रुमाल, पुन्हा तुझ्या भावजयीचा नळवाला. टिल्ली परत माझ्या शेजारी आली आणि बोलायला लागली, या वेळी आपणहून, तुझ्याबद्दल नाही, माझ्याबद्दलही नाही. वर्गातल्या एका मुलीबद्दल, जी गप्प बसलेल्या टिल्लीच्या वहीत रोज न विचारता चित्रं काढून ठेवते. उंटाला चष्मा, मुख्याध्यापकांना शेपूट. सांगता सांगता टिल्ली हसली. तिचा आवाज जाडसर झालाय, ताई. आपल्या आईच्या आवाजासारखा. कधी झाला ते मला माहीत नाही. शब्दांच्या मधे ती थांबते, पण अडून नाही, पुढची गंमत आठवून थांबते.

घुबडाने मधेच टेक तोडला. काचेपलीकडून बटण दाबून म्हणाला, "एक आवाज कमी पडतोय. कोण गप्प झालं?"

मी हात वर केला.

भाऊ